अरुणाने नाव घेतलं त्याची गोष्ट

आमची अरुणा नियमाला भारी पक्की. भावजयीचं कौतुक चाललंय असं समजू नका. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक निघायला काय कष्ट पडतात ते मला विचारा. पण जे आहे ते आहे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा इथला नियम. एकदा मला गाडीत ठसका लागला, मी पिशवीतून बाटली काढली, तर या बाईनं सगळ्या डब्यासमोर ती माझ्या हातातून काढून घेतली. "सरलाताई, पुढच्या स्टेशनावर उतरू, मग प्या." डोळ्यांतून पाणी गाळत मी उतरले. मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही.

आणि अशा बाईच्या हातून व्हायचं ते झालं. सांगताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतंय, तिचं काय होत असेल.

अरुणा मूळची कराडची. माझा धाकटा भाऊ प्रमोद तांजोंग पगारला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, त्याच्याशी लग्न करून ती इथे आली. आंग मो किओला एका ब्लॉकमध्ये ते राहतात, पलीकडच्या ब्लॉकमध्ये मी. मुलं हाताबाहेर गेल्यावर, म्हणजे मोठी झाल्यावर हो, तिनं नोकरी धरली. सरकारी प्राथमिक शाळा, घरापासून दोन बस बदलून जायचं. शाळेचं नाव मी सांगणार नाही. ती टीचर नाही. शाळेच्या ऑफिसात शिरलं की समोर काउंटर दिसतो ना, त्याच्या मागची बाई ती आमची अरुणा.

पण खरं सांगू का, मुलांना टीचरपेक्षा तीच जास्त लागते. पाण्याची बाटली हरवली, चला अरुणा आंटीकडे. दात पडला, टिश्यूत गुंडाळून अरुणा आंटीकडे. आणि पाऊस आला की विचारूच नका. बसस्टॉपपासून शाळेच्या गेटपर्यंत डोक्यावर छप्पर नाही. या देशात लोक घरापासून स्टेशनापर्यंत छत्री न उघडता जातात, आणि नेमका तेवढाच तुकडा उघडा राहिलाय. पोरं चिंब होऊन आत येतात. अरुणानं घरचे जुने टॉवेल धुऊन कपाटात ठेवलेत, ती एकेकाचं डोकं खसाखसा पुसते. मुलगा चिनी आहे, मलय आहे की आपला, टॉवेलला कळत नाही.

ऋता त्यांच्यातलीच एक. तिसरीत आहे. वडील शैलेंद्र वन-नॉर्थला संशोधनाच्या कामात, आई एकता एका लॅबमध्ये, मूळचे नागपूरचे. या पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज मधल्या सुट्टीत ती ऑफिसात यायची, बोटाला टोचून साखर बघायची, मग पोटाला इंजेक्शन घ्यायची, मग डबा खायची. सगळं स्वतःच्या हातानं. अरुणा काही करत नसे, नुसती शेजारी बसायची. पण एवढ्याशा जिवाला स्वतःला सुई टोचताना शेजारी कुणी असणं यात सगळं आलं. कमी-जास्त झालं तर ज्यूस द्यायला माणूस हवं. शाळेनंच अरुणाला ते काम नेमून दिलं होतं. ऋता तिला अरुणामावशी म्हणायची आणि दोघी हळू आवाजात मराठीत बोलायच्या. इंग्रजी शाळेतली आमची पोरं मराठीत बोलत नाहीत हो. ही बोलायची.

आणि मग निवडणूक लागली.

प्रिन्सिपल मिसेस चुआंनी सगळ्या स्टाफला बजावलं. तुमचं मत तुमचं, ते पेटीत टाका. पण सरकारी शाळेत काम करताय, तर शाळेत, पालकांच्या ग्रुपवर, शाळेचं नाव अंगावर असताना कुठल्याच पक्षाचं गुणगान नको आणि निंदाही नको. पालकांनी विचारलं तर मतदान कधी आणि केंद्र कुठे एवढं सांगा. कुणाला द्यावं, ते नाही. ही सूचना प्रत्येकापर्यंत पोचली का, हे बघायचं काम अरुणाकडे. मग काय, तिच्या अंगात वारंच शिरलं. पी.टी.च्या सरांनी फोनवर कुणा उमेदवाराच्या फोटोला लाइकचा अंगठा दिलेला हिला दिसला. ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, "सर, अंगठा काढा." त्यांनी बिचाऱ्यांनी काढला. मतदानाच्या दिवशी केंद्रावर अरुणाची ड्युटी लागली होती, त्याचा तिला कोण अभिमान! कडक इस्त्रीचा शर्ट आठवडाभर आधीच हँगरला लटकला होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणू?

झालं असं, की शाळेच्या भागातल्या एका उमेदवार बाईंनी प्रचारात सांगितलं, आम्हाला निवडून द्या, बसस्टॉप ते शाळा छत घालून देऊ. पक्ष कोणता ते विचारू नका. एकीचं तोंड दुधानं पोळलंय, मी ताकही फुंकून पिणार. अरुणा हे ऐकून हरखून गेली. मला म्हणाली, "सरलाताई, तेवढं झालं तर माझे टॉवेल मी पायपुसण्याला काढीन." तिच्या मनात राजकारण नव्हतं हो. ओली पोरं होती. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

तेवढ्यात आलं चैत्रातलं हळदीकुंकू. अरुणाच्या घरी दरवर्षी असतं. चैत्रगौर पाळण्यात बसवते, समोर आरास, वाटली डाळ, पन्हं. टेक्का मार्केटातून कैऱ्या मीच आणून दिल्या. बोलवायच्या बायकांची नावं काढताना ती म्हणाली, "एकताला बोलवू का हो? पण त्यांच्यात करत नाहीत ना. उगीच तिला अवघडल्यासारखं व्हायचं." ते लोक बौद्ध आहेत. मी मान डोलावली. आपण किती समजूतदार, असं दोघींनाही वाटलं असणार.

शुक्रवारची संध्याकाळ. अरुणा शाळेतून धावत आली, साडी नेसली, पण शाळेचं ओळखपत्र गळ्यातच राहिलं, कारण घराच्या किल्ल्या त्याच दोरीला. हिरवी दोरी, तिच्यावर शाळेचं नाव छापलेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. घर बायकांनी भरलेलं, पन्ह्याचे पेले फिरताहेत, आणि सुलेखानं टूम काढली, "अरुणाताई, नाव घ्या! जुनं नको, ताजं पाहिजे!" सुलेखाची दोन मुलं अरुणाच्याच शाळेत. अरुणा उखाण्यात पटाईत, तिला कुणी आग्रह करायचा अवकाश. सुलेखानं फोन वर धरला. अरुणानं पदर सारखा केला आणि म्हणाली,

"बसस्टॉपपासून गेटपर्यंत घालणार म्हणतात छत,
प्रमोदरावांचं नाव घेते, अमक्यालाच द्या मत!"

'अमक्या'च्या जागी पक्षाच्या निशाणीचं नाव होतं, ते मी गाळलंय. काय टाळ्या पडल्या म्हणता! मीही वाजवल्या. कुणीतरी "वा, वा, शाळेचा निकाल लागला!" असं ओरडलं. मोठा हशा झाला.

सुलेखाच्या मनात पाप नव्हतं. तिनं तो व्हिडिओ शाळेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं, 'आता तर शाळेचं ऑफिसच सांगतंय!' आणि पुढे हसणारी तोंडं. तिथून कुणीतरी उखाण्याचा इंग्रजी अर्थ लावून तो सगळ्या पालकांच्या ग्रुपवर नेला. रविवारपर्यंत मराठीचं अक्षर न कळणाऱ्या माणसालाही कळलं होतं, की शाळेचं कार्ड गळ्यात घातलेली ऑफिसातली बाई मत कुणाला द्यायचं ते सांगतेय.

सोमवारी मिसेस चुआंनी आत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अरुणा म्हणाली. तिनं सांगून पाहिलं, की हा आमच्या घरातला कार्यक्रम होता, बायकांची गंमत असते, नवऱ्याचं नाव घेतात, आमच्या आमच्यात. मिसेस चुआंनी फोन तिच्यासमोर सरकवला आणि हिरव्या दोरीवर बोट ठेवलं. "हे घरातलं आहे का?" पी.टी.चे सर काचेबाहेरून जाताना आत बघून गेले. तिची मतदानाची ड्युटी गेली. लेखी खुलासा द्यायला सांगितलं, पुढचं वरचे ठरवतील म्हणाल्या.

घरी आल्यावर तिनं हँगरचा शर्ट काढून घडी घालून कपाटात टाकला. प्रमोदनं वातावरण हलकं करायला म्हटलं, "नाव माझं घ्यायचं होतं, तू त्या छताचंच घेतलंस." कुणी हसलं नाही. सुलेखाचा रडत रडत फोन आला, तर अरुणाच तिची समजूत घालत बसली. मला म्हणाली, "सरलाताई, त्या सरांसमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?" मला वाटलं, चला, झाली तेवढी शोभा पुरे. चार दिवसांत लोक विसरतील.

पण लाज अशी एका दमात संपत नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ऋता ऑफिसात आली नाही. आदल्या दिवशीही आली नव्हती, पण त्या दिवशी अरुणा आत प्रिन्सिपलसमोर होती, तिला वाटलं दुसरं कुणी बसलं असेल. दुसऱ्या कुणाला वाटलं अरुणा बसली असेल. मंगळवारी मात्र तिचा जीव खालीवर व्हायला लागला. वर्गात गेली, पोर नाही. कँटीनमध्ये नाही. एका मुलीनं सांगितलं, टॉयलेटमध्ये आहे. अरुणा धावली. दार बंद. "ऋता?" आतून आवाज आला, "कमिंग." थोड्या वेळानं दार उघडलं. पोरीच्या हातात औषधाची निळी पिशवी, शर्टाचं टोक अजून स्कर्टच्या बाहेर. संडासाच्या झाकणावर बसून, एकटीनं, दाराला कडी लावून तिनं सुई टोचून घेतली होती.

आत साखर उतरून पोर पडली असती तर कुणाला पत्ता लागला असता? अरुणा खाली बसली, पोरीचा हात धरला. "बाळा, इथे का? मी आहे ना?"

पोरीनं इंग्रजीत, इथल्या 'लाह' लावून बोलायच्या इंग्रजीत, उत्तर दिलं. अरुणाशी ती पहिल्यांदाच इंग्रजीत बोलली. म्हणाली, "आंटी, यू आर द अदर साइड. माय पापा धिस साइड. सो बेटर डोन्ट डिस्टर्ब यू, लाह."

शैलेंद्र दुसऱ्या पक्षाचं काम करतो, हे अरुणाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी पक्षाचा टी-शर्ट घालून तो घरोघर पत्रकं वाटायला जातो. वर्गातल्या कुणीतरी ऋताला सांगितलं, ऑफिसची आंटी तुझ्या पप्पांच्या पार्टीवर रागावलीय. नऊ वर्षांच्या पोरीनं हिशेब केला. रागावलेल्या माणसासमोर कुणी पोट उघडं टाकून सुई टोचत बसतं का?

अरुणानं स्वतःच जाऊन मिसेस चुआंना सांगितलं. त्यांनी लगेच आईला फोन केला. मग अरुणानं विचारलं, निवडणूक संपल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागू का? आता ती पाणी प्यायलाही विचारत होती. मिसेस चुआ म्हणाल्या, त्यांना चालत असेल तर जा. पण मतदानाबद्दल एक अक्षर नको.

मतदान झालं, निकाल लागला, आणि रविवारी आम्ही दोघी गेलो. एकटीनं जायचा तिला धीर होईना. शाळेजवळच्याच ब्लॉकमध्ये त्यांचा फ्लॅट. नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर ऋताचा अभ्यास. एकतानं चहा केला, चिवडा ठेवला. आगतस्वागतात काही कमी नाही. फक्त एरवी ती "अरुणाताई, काय म्हणता?" असं हसून म्हणायची, ती आता म्हणाली, "बसा ना, मॅडम." अरुणाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

अरुणा म्हणाली, "माझं चुकलं. फार चुकलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीही नव्हतं हो, शपथ. घरातलं हसणं-खिदळणं होतं, आपल्यातल्या आपल्यात..."

"हो ना," एकता म्हणाली. आवाज अगदी साधा. "आपल्यातल्या आपल्यातच होतं. म्हणून तर आम्हाला व्हिडिओ बघून कळलं."

माझ्या तोंडातला चिवडा तोंडातच राहिला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, म्हणतात ना, ते मला त्या खुर्चीत कळलं. त्यांच्यात करत नाहीत, म्हणून मान डोलावली होती मी. विचारलं असतं तर ती आलीही असती, नसतीही आली. पण विचारायचं तर होतं. अरुणाची मान खाली गेली ती वर येईना.

मग शैलेंद्र बोलला. भला माणूस. "तुम्हाला मत नसावं, असं मी कसं म्हणू? मी तर माझं मत अंगावर घालून दारोदार फिरलो. पण माझ्यासमोर कुणाची मुलगी इंजेक्शन घ्यायला बसत नाही, मॅडम. तुमच्यासमोर बसते."

अरुणा म्हणाली, "खरं आहे." मग तिनं ऋताकडे बघितलं. पोर दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "ऋता, उद्यापासून ऑफिसातच ये. बाथरूममध्ये नको, बाळा. माझ्याजवळ बसायचं नसेल तर नको बसूस, दुसऱ्या आंटी बसतील. पण ये. येशील?"

ऋतानं आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं मान हलवली. मग आईकडे बघितलं. मग म्हणाली, "ओके." आणि दुसऱ्या आंटी चालतील ना, या अर्थानं, "द अदर आंटी कॅन?"

"कॅन," अरुणा म्हणाली.

पोरगी तेवढ्यानं सुटल्यासारखी आत पळाली. एकता काहीतरी बोलायला गेली, बहुतेक, लहान आहे हो, मनावर घेऊ नका, असलंच काहीतरी. अरुणानं हात जोडले आणि आम्ही निघालो.

अरुणाची नोकरी राहिली. ताकीद मिळाली, तेवढ्यावर निभावलं. लोक व्हिडिओ विसरलेसुद्धा, पी.टी.चे सर पुन्हा गुडमॉर्निंग करतात. ऋता रोज ऑफिसात येते. ऑफिसातली एक मलय बाई तिच्याजवळ बसते, आणि तेवढा वेळ अरुणा उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहते. तिला कुणी जायला सांगितलेलं नाही. आपण समोर असलो की पोरीचा हात सुईवर अडखळतो, हे तिनं पहिल्याच दिवशी बघितलं.

परवा मी तिला म्हटलं, "अगं, पोर आहे ती, विसरेल. पुन्हा येऊन बसेल तुझ्याजवळ."

अरुणा भाजी निवडत होती. म्हणाली, "विसरेल कशी, सरलाताई? कुणासमोर बसायचं आणि कुणासमोर नाही, हे बघायला मीच शिकवलंय तिला. नऊ वर्षांचं वय नाही हो ते शिकायचं." आणि मान खाली घालून मेथीची पानं खुडत राहिली.